झोपलेल्याला उठवणारा रेडिओ

ओक्लाहोमात नवं घर लावणाऱ्या प्रत्येक मराठी जोडप्याला मी आवर्जून सांगतो, गाद्या-पडदे सावकाश घ्या, आधी हवामानाच्या इशाऱ्याची सोय करा. एप्रिल ते जून हे इथले टोर्नेडोचे मुख्य महिने. पण वादळ पंचांग बघून येत नाही. ते ऑक्टोबरातही येतं आणि रात्री दोनलाही येतं. रात्रीच्या टोर्नेडोत माणसं दगावण्याचं प्रमाण दिवसापेक्षा जास्त असतं, कारण माणूस झोपेत असतो, टीव्ही बंद असतो आणि अंधारात आभाळ दिसत नाही.

दर शनिवारी दुपारी बाराला शहरात चाचणीचे भोंगे वाजतात, ते ऐकून पुष्कळांना वाटतं की आपली सोय झालेली आहे. ते भोंगे उघड्यावर असलेल्या माणसांसाठी आहेत. दुहेरी काचांच्या खिडक्या लावून, एसी सुरू ठेवून झोपलेल्याला ते ऐकू येतीलच असं नाही. फोनवर सरकारी इशारा येतो, २०१२पासून ती सोय आहे आणि ती चांगली आहे. पण फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला राहतो, आणि कधी टॉवरच बंद पडतो. सप्टेंबर २०२४मध्ये हेलीन चक्रीवादळाने पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागाचा मोबाइल संपर्क तोडला, तेव्हा हातातले महागडे फोन मुके झाले होते.

म्हणून घरात असा एक रेडिओ हवा, जो इंटरनेट नसताना, वीज नसताना, घरातली सगळी झोपलेली असताना स्वतःहून वाजेल. तो घरी कसा जुळवायचा आणि जुळवल्यावर कसा जिवंत ठेवायचा, हे पुढे सांगतो. सोल्डरिंग येत असेल तर शनिवार-रविवारचं काम आहे. येत नसेल तर शिकायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

इशारा दिला म्हणजे पोचला असं धरू नका

२७ मार्च १९९४, पाम संडे. अलाबामातल्या पीडमाँटजवळच्या गोशेन युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये सकाळची प्रार्थना चालू होती. टोर्नेडोचा इशारा हवामान खात्याने वेळेत दिला होता. पण त्या भागात हवामान रेडिओचं स्टेशन पोचत नव्हतं आणि चर्चमध्ये बसलेल्यांना काहीच कळलं नाही. छत कोसळलं आणि २० माणसं गेली. त्यानंतर तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी देशभर हवामान रेडिओचं जाळं वाढवायचा आग्रह धरला. आज हजाराहून जास्त स्टेशनं आहेत आणि देशातली बहुतेक वस्ती त्यांच्या टप्प्यात आहे.

२० मे २०१३ला आपल्या शेजारच्या मूर गावात ईएफ-५ दर्जाचा टोर्नेडो आला. २४ जण गेले, त्यांत प्लाझा टॉवर्स शाळेतली ७ मुलं होती. टोर्नेडो जमिनीला टेकण्याआधी १६ मिनिटं इशारा निघालेला होता. शास्त्रज्ञ आपल्याला देऊ शकतात ती एवढीच मिनिटं. त्यातलं एकही मिनिट आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर वाया जाऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी स्टेशन ओळखा

नॅशनल वेदर सर्व्हिसची ही स्टेशनं चोवीस तास बोलत असतात. त्यांच्यासाठी ७ जागा राखून ठेवल्या आहेत: १६२.४०० मेगाहर्ट्झपासून १६२.५५०पर्यंत, दर ०.०२५वर एक. तुमच्या गाडीतला एफएम १०८ला संपतो, त्यामुळे त्यावर हे लागत नाही. हवामान बँड असलेला रेडिओच लागतो. ऐकायला कसलंही लायसन लागत नाही.

ओक्लाहोमा सिटीचं स्टेशन १६२.४००वर आहे, टल्साचं १६२.५५०वर. घर बदललं की पहिलं काम म्हणजे आपल्या काउंटीचे इशारे कोणतं स्टेशन देतं हे हवामान खात्याच्या यादीत बघणं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सगळ्यांत मोठ्याने ऐकू येणारं स्टेशन आपलंच असेल असं नाही. दोन स्टेशनांच्या मधोमध राहणाऱ्यांना शेजारच्या भागाचं स्टेशन खणखणीत लागतं, पण त्यावर आपल्या काउंटीचं नावच घेतलं जात नाही.

इशारा आला की ठरलेला क्रम असतो. आधी खरखरीत आवाजाचे तीन छोटे झटके येतात. त्यात कोणता इशारा, कोणती काउंटी, किती वेळ, ही माहिती सांकेतिक स्वरूपात असते. मग १०५० हर्ट्झची एकसुरी शिट्टी ८ ते १० सेकंद वाजते. मग बोलणं सुरू होतं. आपलं यंत्र या शिट्टीची वाट बघत बसणार आहे.

एक विकतचा घ्याच

घरी बनवायला सांगणारा माणूस हे आधी का सांगतो? कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. बाजारात मिळणारा, काउंटी निवडता येणारा, बॅटरीची सोय असलेला हवामान रेडिओ फार महाग नसतो. तो एक घरात असू द्या. आपण बनवू तो दुसरा. दोन वेगवेगळी यंत्रं सहसा एकाच रात्री एकदम बंद पडत नाहीत.

मग बनवायचा कशाला? एक तर विकतच्या डब्यात नसलेलं पुष्कळ काही आपल्याला जोडता येतं: दुसऱ्या खोलीतला भोंगा, आजोबांच्या उशीखालचा कंपक, जिन्यातला दिवा. दुसरं म्हणजे ज्याने अँटेना स्वतः कापली आणि बॅटरी स्वतः जोडली, त्याला कुठे काय बिघडू शकतं ते कळतं. असा माणूस आपला विकतचा रेडिओही नीट ठेवतो.

रेडिओ निवडताना खटका बघा

जुन्या सामानाच्या विक्रीत हवामान बँडचे साधे रेडिओ मिळतात. घेताना दोन गोष्टी तपासा. चालू-बंद करायचा खटका खरा, दाबून राहणारा किंवा सरकणारा असावा. काही रेडिओ वीज जाऊन आली की पुन्हा आपोआप सुरूच होत नाहीत, बटण दाबायची वाट बघत बसतात. असा रेडिओ आपल्या कामाचा नाही. दुसरं, काही रेडिओ बॅटरी वाचवायला तासाभराने स्वतःहून बंद होतात. दुकानात कळणार नाही, घरी आणल्यावर दिवसभर चालू ठेवून बघा.

इअरफोनची पिन खोचली की बहुतेक रेडिओंचा आपला स्पीकर बंद होतो. हेच आपल्याला हवं आहे. रेडिओ आत अखंड बोलत राहील, घरात शांतता राहील, आणि तो आवाज वायरीने आपल्या सर्किटकडे जाईल.

अँटेना ४४ सेंटिमीटरची

रेडिओ चांगला असून खरखर येत असेल तर नव्वद टक्के वेळा दुखणं अँटेनात असतं. १६२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १८५ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग साधारण ४६, आणि तारेच्या टोकाशी होणारा परिणाम धरून थोडं कमी करायचं, म्हणजे ४४ सेंटिमीटर. तांब्याच्या तारेचे असे दोन तुकडे घ्या. एक वर, एक खाली, मधे बोटभर फट. कोॲक्सियल केबलची मधली तार वरच्या तुकड्याला, जाळी खालच्या तुकड्याला. सगळं एका लाकडी पट्टीवर बसवा आणि पट्टी उभी टांगा. ही स्टेशनं उभ्या लहरी सोडतात, आडवी टांगलेली अँटेना त्यांतलं पुष्कळ गमावते.

जागा पोटमाळ्यावरची उत्तम, एसीच्या पत्र्याच्या डक्टपासून आणि फॉइल लावलेल्या इन्सुलेशनपासून दूर. केबल अँटेनाच्या मधल्या भागातून सरळ बाजूला काढा, निदान हातभर तरी, मग खाली वळवा. छपराच्या वर खांब उभारायचा मोह आवरा. विजांचा प्रदेश आहे. योग्य अर्थिंग आणि केबलवर वीजरोधक नसेल तर तो खांब घरात संकट आणतो.

अँटेना लावूनही भुणभुण येत असेल तर शेजारचे स्वस्त फोन चार्जर आणि एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा. स्विचिंगवाली साधनं या बँडमध्ये बराच गोंगाट करतात. गुन्हेगार सापडला की त्याला दुसऱ्या खोलीत हलवा.

शिट्टी ओळखणारा ८ पायांचा तुकडा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या गल्लीत हात काळे करून शिकलेल्या माझ्या पिढीला ५६७ नंबरचा आयसी चांगला ठाऊक आहे. आवाजातला एकच सूर ओळखायचं काम तो करतो. आजही तो सहज आणि स्वस्त मिळतो. त्याला ५ व्होल्ट द्या: चौथा पाय अधिक, सातवा उणे. रेडिओचा आवाज ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून तिसऱ्या पायावर. सूर जुळला की आठवा पाय खाली येतो, आणि त्याला ५ व्होल्टकडे ओढून धरायला १० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा.

कोणता सूर ओळखायचा ते पाचव्या-सहाव्या पायावरच्या रेझिस्टर-कपॅसिटरवर ठरतं. सूत्र सोपं आहे: १ भागिले १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा घेतला तर १०५०साठी सुमारे ८.६६ किलोओहम येतात. ६.८ किलोओहमचा पक्का रेझिस्टर आणि त्याला जोडून ५ किलोओहमचा अनेक वेढ्यांचा प्रीसेट घ्या, म्हणजे बारीक जुळवता येईल. हा कपॅसिटर सिरॅमिक चकतीचा घेऊ नका, पॉलिस्टरचा घ्या. इथे जानेवारीत गोठतं आणि जुलैत गॅरेज भट्टीसारखं तापतं. सिरॅमिक चकती तापमानाबरोबर सरकते आणि ऐन वेळी आयसी १०५०ऐवजी भलत्याच सुराची वाट बघत बसतो. दुसऱ्या पायावर २.२ मायक्रोफॅरड, पहिल्यावर त्याच्या दुप्पट किंवा थोडा जास्त, दोन्हींचं दुसरं टोक उणेला.

जुळवणी अशी. आवाजाची वायर काढून ठेवा. मल्टिमीटर फ्रिक्वेन्सी मोजायच्या जागी ठेवून एक टोक पाचव्या पायाला आणि दुसरं उणेला लावा. प्रीसेट हळूहळू फिरवत १०५० आणा. प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, म्हणजे तो हलणार नाही.

आवाजाची पातळीही बघायला हवी. तिसऱ्या पायावर १०० ते २०० मिलिव्होल्ट पुरे. त्याहून फार जास्त दिलं तर आयसी बोलण्यालाही फसतो. म्हणून रेडिओ आणि आयसीच्या मधे १० किलोओहमचा एक प्रीसेट ठेवा. रेडिओचा आवाज एकदा ठरवा आणि आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावा, घरात कोणी कुतूहलाने फिरवू नये म्हणून.

तीन सेकंद थांबायला शिकवा

माणसाच्या बोलण्यात १०५०च्या आसपासचे सूर क्षणभर येऊन जातात. आठवा पाय थेट भोंग्याला जोडला तर रात्रभर खोटे इशारे वाजतील, आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी वैतागून प्लग काढेल. शिट्टी ८ सेकंद तरी टिकते, बोलणं टिकत नाही. या फरकाचा फायदा घ्यायचा.

४०१०६ नावाच्या आयसीत ६ श्मिट ट्रिगर असतात. आठव्या पायाचा निकाल पहिल्यातून उलटा करून घ्या. पुढे ३३ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शिट्टी चालू राहिली तर कपॅसिटर सुमारे ३ सेकंदांत पुढच्या ट्रिगरला हलवण्याइतका भरतो. रेझिस्टरला समांतर एक साधा डायोड लावा, त्याचा पट्टा पहिल्या ट्रिगरच्या बाजूला. सूर तुटला की कपॅसिटर त्या वाटेने लगेच रिकामा होतो. हा डायोड विसरलात तर बोलण्यातले छोटे-छोटे सूर साठत जातील आणि शेवटी भोंगा उगाच वाजेल. पुढच्या ट्रिगरचा निकाल आणखी एकातून उलटा केला की शिट्टी टिकल्यावर तो वर जातो. ४०१०६चे जे ट्रिगर वापरणार नाही, त्यांच्या आत जाणाऱ्या पायांना उणेला बांधून टाका.

नुसता भोंगा अर्धं काम करतो

शेवटच्या ट्रिगरपुढे ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचे दोन रिले. दोन्ही असे जोडा की एकदा ओढले गेले की स्वतःच्याच एका संपर्कातून स्वतःला धरून ठेवतील. पहिल्याने स्पीकर आणि दिवा चालू करायचा, दुसऱ्याने पिझो सायरन. प्रत्येकाला सोडवायला वेगळं दाबबटण. रिलेच्या गुंडाळीवर उलटा डायोड हवाच, नाहीतर ट्रान्झिस्टर जातो.

दोन रिले कशासाठी, असं विचाराल. भोंगा उठवतो. पण उठलेल्या माणसाला लगेच कळायला हवं की टोर्नेडो आहे की पूर, आणि तो कुठे आहे. भोंगा बंद केला तरी बोलणं चालू राहिलं पाहिजे. डबा पलंगापासून चार पावलं दूर ठेवा. हात लांबवून बटण दाबता आलं तर माणूस झोपेतच दाबतो आणि कूस बदलतो.

कानाने कमी ऐकणारं कोणी घरात असेल तर त्याच रिलेवर उशीखाली ठेवायचा कंपक आणि झगझगीत दिवा जोडा. भोंग्याच्या आवाजावर भागेल असं गृहीत धरू नका. त्यांना झोपवून, त्यांच्या परवानगीने, एकदा खरंच वाजवून बघा.

बॅटरी हिशोब करून घ्या

रेडिओ आणि सर्किट मिळून वाट बघताना साधारण १०० मिलिअँपिअर घेतील असं धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद शिसे-आम्लाची बॅटरी घेतली आणि तिची निम्मीच ताकद वापरायची ठरवली, तर ३५ तास निघतात. दीड दिवसाची वीज गेली तरी इशारा येत राहील. तिला कायम जोडून ठेवायचा चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टवर स्थिरावणारा असावा. बॅटरीच्या अधिक टोकापासून पहिल्या बोटभर अंतरात २ अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज कोणी टाळत असेल तर त्याच्या हातून सोल्डरिंग गन काढून घ्या. ही बॅटरी वायर लाल करण्याइतका प्रवाह सहज देते. डबा हवा खेळेल असा ठेवा, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरी चालत असली तरी बदला.

पुढची पायरी: आपल्याच काउंटीला वाजणारा

वर सांगितलेल्या यंत्राची एक मर्यादा आहे. ते स्टेशनच्या सगळ्या टापूतल्या प्रत्येक इशाऱ्याला वाजेल. वसंतातल्या एखाद्या रात्री ते चार-पाच वेळा उठवेल, आणि त्यातले बहुतेक इशारे ५० मैलांवरचे असतील. सतत उठवणारा रेडिओ शेवटी घरातून हद्दपार होतो, म्हणून ज्याला जमेल त्याने पुढची पायरी चढावी.

शिट्टीच्या आधीच्या त्या खरखरीत झटक्यांत प्रत्येक काउंटीचा ६ आकडी क्रमांक असतो. नॉर्मन आणि मूर ज्या क्लीव्हलंड काउंटीत आहेत तिचा ०४००२७. पहिलं शून्य म्हणजे संपूर्ण काउंटी, ४० म्हणजे ओक्लाहोमा, ०२७ म्हणजे क्लीव्हलंड. सिलिकॉन लॅब्सची एसआय-४७०७ ही चिप हे स्टेशन पकडते, हे झटके वाचते आणि शिट्टीही ओळखते. तिला आर्डुइनो जोडून आपल्याला हव्या त्या क्रमांकांनाच भोंगा वाजवायचा, असा छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो.

क्रमांक निवडताना फक्त आपली काउंटी घालून थांबू नका. इथली वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकतात. ३ मे १९९९चा टोर्नेडो ग्रेडी काउंटीतून ब्रिज क्रीकवरून मूरकडे आला. मूरमध्ये राहणाऱ्याने क्लीव्हलंडबरोबर ग्रेडी, म्हणजे ०४००५१, आणि मॅकलेन, म्हणजे ०४००८७, हेही क्रमांक घालावेत. वादळ तिथे असताना जाग आली तर बूट घालायला आणि मुलांना उचलायला वेळ मिळतो.

प्रोग्रॅममध्ये एक नियम पहिल्या ओळीत लिहा: शिट्टी ऐकू आली पण झटके नीट वाचता आले नाहीत, तर वाजवायचं. वादळातच सिग्नल खराब होतो, आणि त्याच वेळी गप्प बसणारं यंत्र ठेवून उपयोग नाही.

रास्पबेरी पाय आणि आरटीएल-एसडीआर डाँगल वापरून, मल्टिमॉन-एनजी या प्रोग्रॅमने हेच करता येतं. मुलांना शिकायला फार छान आहे, लहरी पडद्यावर दिसतात. पण तो जोड ३ वॉटच्या आसपास खातो. त्याच बॅटरीवर तो १२ तासांच्या आतबाहेर चालेल. मेमरी कार्ड बिघडलं किंवा अपडेट मधेच अडकलं तर तो न सांगता गप्प होतो. शिकण्यासाठी तो ठेवा, पलंगाशेजारी साधं सर्किट ठेवा.

बुधवार पाळा

बहुतेक स्टेशनं दर बुधवारी सकाळी ११ ते १२च्या सुमारास चाचणी घेतात, आणि तीत खऱ्या इशाऱ्यासारखाच क्रम वाजतो. तुमच्या स्टेशनची वेळ एकदा विचारून घ्या. वादळाची शक्यता असली तर चाचणी पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. घरात कोणी नसेल तरी रिले धरून राहिलेला असतो, म्हणजे दिवा पेटलेला दिसतो. बुधवारी संध्याकाळी दिवा पेटलेला नसेल तर त्याच रात्री कारण शोधा, रविवारची वाट बघू नका. महिन्यातून एका बुधवारी चार्जरचा प्लग काढून फक्त बॅटरीवर चाचणी होऊ द्या.

मधल्या काळात तपासायचं असेल तर फोनवरच्या सूर काढणाऱ्या ॲपने १०५० हर्ट्झ काढा आणि वायरीने सर्किटला द्या. खऱ्या इशाऱ्याचे आवाज रेकॉर्ड करून कोणत्याही वॉकीटॉकीवर किंवा प्रसारणावर वाजवू नका. तो इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने माणसांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडतो.

आई-बाबांसाठी मराठीत कार्ड

पुण्याहून, नाशिकहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात. नेमके वसंतात येतात, कारण हवा चांगली असते. तुम्ही दोघं कामावर, नातवंडं त्यांच्याजवळ, आणि रेडिओवरचा यांत्रिक इंग्रजी आवाज त्यांना कळत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात मराठी कार्ड चिकटवा. त्यात दोनच शब्द समजावून सांगा. ‘टोर्नेडो वॉच’ ऐकलं तर वादळ होण्यासारखी हवा आहे: बूट जवळ ठेवा, फोन चार्ज करा, बाहेर जाऊ नका. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ ऐकलं तर वादळ दिसलेलं आहे किंवा रडारवर सापडलेलं आहे: नातवंडांना घेऊन लगेच आत जा.

‘आत’ म्हणजे कुठे, तेही कार्डावर लिहा. इथल्या बऱ्याच घरांना तळघर नसतं. सेफ रूम नसेल तर खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, घराच्या मधली जागा: कपड्यांचं कपाट किंवा न्हाणीघर. तिथे आधीच बूट, टॉर्च, मुलांची सायकलची हेल्मेटं आणि आईबाबांच्या औषधांची पिशवी ठेवा. टोर्नेडोत बहुतेक जखमा उडत्या वस्तूंनी होतात, म्हणून हेल्मेटला फार महत्त्व आहे. आई-बाबा आले की त्याच आठवड्यात एकदा त्यांना हात धरून तिथवर न्या. त्यांना खिडकीशी जाऊन आभाळ बघायची सवय असते, ती इथे सोडायला प्रेमाने सांगा.

जाता जाता त्यांच्यासाठी आणखी एक. हा रेडिओ गावी पाठवून उपयोग नाही, भारतात ही स्टेशनं नाहीत. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वीज आणि मोबाइल दोन्ही तोडले होते. तिथल्या घरात बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ आकाशवाणीसाठी असू द्या, आणि फोनवर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप बसवून द्या.

सर्किट डब्यातच ठेवा

काम पुरं झालं की सर्किट कागदावर हाताने काढा. कोणत्या पायाला काय, प्रीसेट कितीवर, स्टेशन कोणतं, बॅटरी कधी बसवली, सगळं लिहा आणि झाकणाच्या आतून चिकटवा. तुम्ही गावाला गेलेले असताना एखाद्या बुधवारी दिवा पेटला नाही, तर बायकोला, नवऱ्याला किंवा पंधरा वर्षांच्या मुलीला तो डबा उघडता यायला हवा. म्हणून बनवतानाच घरातल्या एकाला तरी शेजारी बसवा, निदान फ्यूज आणि प्रीसेट त्यांच्या हातून लावून घ्या. आणि एक सर्किट जमलं की भाग दुप्पट मागवा, दुसरा डबा शेजारच्या घरासाठी करा. तिथे कोण राहतं, कोणती भाषा बोलतं, याचा विचार करू नका. वादळ आलं तर ढिगाऱ्यातून आपल्याला बाहेर काढायला पहिले धावून येणार ते तेच.